लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमधलं डिस्कचं पान: इंदूरच्या घरगुती पीसींवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टम, आणि ते टाकताना ज्या एका पानावर लोकांचा हात अडखळतो आणि मग कोणाला तरी फोन लागतो, फक्त त्या, मिंट कुठल्या डिस्कवर कसं टाकायचं ते विचारणाऱ्या पानाचा हा रिव्ह्यू आहे. मिंट दिसतं कसं, त्याच्या चेहऱ्यांपैकी सिनॅमन घ्यायचं की एक्सएफसीई, वॉलपेपर कसे बदलायचे, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत, ते बघा. पण डिस्कचं पान आलं की ते व्हिडिओवाले पण पटकन नेक्स्ट दाबून पुढे पळतात, आणि आपला जीव तर तिथेच अडकलेला असतो कारण त्याच डिस्कवर पोरांचे फोटो, जुने हिशोब, बाबांनी टाइप करून ठेवलेली वंशावळ असं सगळं एकत्र पडलेलं असतं.

हे आत्ता कशाला, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, वर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा पाहिजे. आता आपल्याकडे लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, कुठल्याही मराठी घरात जाऊन बघा, हॉलच्या कोपऱ्यात कव्हर घातलेला चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचा आय३ बसलेला असतो, मशिन ठणठणीत, फक्त हार्ड डिस्क रडतेय. त्यात एक एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घातली आणि मिंट टाकलं की पुढची काही वर्षं बघायला नको. माझ्याकडे घरचे-नातेवाइकांचे असे बरेच पीसी येतात (फुकटात, चहावर), त्यामुळे हे पान भरपूर वेळा बघून झालंय. व्हर्जन म्हणाल तर मिंट २२ ची मालिका, म्हणजे जुलै २०२४ मध्ये आलेली, उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बसलेली, २०२९ पर्यंत अपडेट मिळणारी.

तर पानावर मुख्य पर्याय तीन असतात. आधीपासून विंडोज असेल तर त्याच्या शेजारी टाका, किंवा पूर्ण डिस्क पुसून टाका, किंवा तिसरा तो 'समथिंग एल्स', म्हणजे डिस्कचे तुकडे स्वतःच्या हाताने करा, ज्याच्या नावातच कोणी काही सांगायला तयार नाही असं दिसतं.

दुसऱ्या पर्यायाला माझे पाचपैकी पाच. नवीन एसएसडी, आत काही नाही, हा पर्याय निवडा आणि चहा प्यायला जा. तो स्वतःच एक छोटं ईएफआय पार्टिशन (मशिन सुरू होताना लागणारा डिस्कचा तुकडा) करतो, बाकीची सगळी जागा एका ext४ ला देतो, म्हणजे मराठीत लिहायचं तर ईएक्सटी-फोर, लिनक्सची फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), आणि स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वेगळं पार्टिशन न करता आतच एक स्वॅप फाइल बनवतो. जुन्या ट्युटोरियलमध्ये अजूनही सांगतात की रॅमच्या दुप्पट स्वॅप पार्टिशन करा, ते सोडून द्या, उबंटूने २०१७ पासूनच साध्या इन्स्टॉलला स्वॅप फाइलवर उडी मारलीय. मशिन हायबरनेट करायचं असेल, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून बंद करायचं असेल, तरच रॅमएवढी स्वॅप लागते आणि डेस्कटॉपला हायबरनेट कोण करतं, आपल्याकडे तर लोक बोर्डावरचं बटणच बंद करतात.

पण या पर्यायात एक गोष्ट आहे जी विंडोजची सवय असलेल्या माणसाला नीट कळत नाही. डिस्क पुसा म्हणजे पूर्ण डिस्क. सी ड्राइव्ह नाही, डिस्क. आपल्याकडे वर्षानुवर्षं दुकानवाल्यांनी शिकवलंय की "विंडोज उडालं तर सी जाईल, डी मधलं सेफ असतं", आणि तेच डोक्यात ठेवून माणूस इथे बिनधास्त पुढे जातो. इथे सी डी ई सगळं एकाच डिस्कचे तुकडे आहेत आणि ती डिस्क गेली की तुकडे गेले. इन्स्टॉलर इशारा देतो, नाही असं नाही, पण तो सी-डी च्या भाषेत देत नाही, त्याच्या लेखी डिस्कचं नाव एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई-शून्य-एन-एक असलं काहीतरी. काकांना विचारा एसडीबी म्हणजे काय, ते म्हणतील बँक असेल. त्यात आकड्यांचा घोळ वेगळाच, दुकानात १ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते आणि मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये परत १००० च्या आसपास, कारण कंपनी आणि इन्स्टॉलर १००० ने भागतात आणि विंडोज १०२४ ने. चोरी कोणीच केलेली नसते. माझी पद्धत सरळ आहे, दोन डिस्क असतील तर डेटावाल्या डिस्कची साटा केबल काढूनच ठेवायची, इन्स्टॉल झालं की परत लावायची. दोन स्क्रू उघडायचा कंटाळा येतो पण रात्री झोप लागते.

आता त्या सी डी ई एफ च्या सवयीवर जरा बोलतो कारण अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथूनच येतो, "मिंटमध्ये डी ड्राइव्ह कुठे करायचा?"

काकांचा पीसी आला तेव्हा त्यात ५०० जीबीची डिस्क होती आणि कुठल्यातरी दुकानात तिचे चार तुकडे करून दिलेले, आपल्या इंदूरच्या कचरागाडीला कप्पे असतात ना ओला सुका प्लास्टिक वगैरे, तसे. फरक एवढाच की कचरागाडीत लोक खरंच बघून टाकतात. इथे सी लाल होऊन ठणाणा करत होता, डी मध्ये 'न्यू फोल्डर' च्या आत 'न्यू फोल्डर', ई जवळपास रिकामा आणि एफ मध्ये फक्त २०१६ च्या एका लग्नाचं शूटिंग. म्हणजे डिस्कवर जागा भरपूर आणि मशिन म्हणतंय जागा नाही.

ही सवय आली कुठून तर तिला एकेकाळी कारण होतं. विंडोज ९५ च्या पहिल्या काळात एफएटी१६ या तेव्हाच्या फाइल सिस्टमचं एक पार्टिशन २ जीबीच्या वर जाऊच शकत नव्हतं, त्यामुळे मोठी डिस्क घेतली की तुकडे करावेच लागायचे. मग एफएटी३२ आलं, एनटीएफएस तर विंडोज एनटी मध्ये १९९३ पासूनच होतं आणि एक्सपीने ते घराघरात आणलं, मर्यादा गेली, पण हात तसेच चालत राहिले. वर विंडोज दर वर्षी फॉरमॅट मारावं लागायचं म्हणून डी मध्ये डेटा ठेवणं सोयीचं होतं, ते पण ठीक. पण डिस्क बिघडली तर चारही तुकडे एकदमच जातात, त्यामुळे डी म्हणजे बॅकअप हे कधीच खरं नव्हतं.

माझं मत विचाराल तर एका एसएसडीवर एकच मोठं पार्टिशन. संपलं. आता इथे जाणकार लोक हात वर करतात की स्लॅश होम (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं ठेवा, म्हणजे पुढे दुसरं लिनक्स टाकलं तरी तुमचा डेटा जागच्या जागी राहतो. बरोबर आहे त्यांचं, मी स्वतःच्या मशिनवर तसंच ठेवतो कारण मला दर काही महिन्यांनी नवीन काहीतरी टाकून बघायची खाज आहे. पण काकांना ती खाज नाहीये. आणि होम वेगळं केलं की रूटला (जिथे मिंट स्वतः बसतं) किती द्यायचे हा अंदाज तुमच्या गळ्यात पडतो. मिंटवालेच सांगतात की किमान २० जीबी, बरं चालायचं असेल तर १००. लोक ते २० वाचतात आणि उदार होऊन ३० देतात, मग फ्लॅटपॅकवरून दोन-चार अ‍ॅप टाकले, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साठले, टाइमशिफ्टने स्नॅपशॉट (सिस्टम मागे नेता यावी म्हणून तिची प्रत) काढायला सुरुवात केली की तो रूट गच्च भरतो आणि शेजारी होममध्ये २०० जीबी माश्या मारत बसलेले. ज्याला वेगळं होम करायचंच आहे त्याने रूटला ६० च्या खाली जाऊ नये, आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर पाठवावेत.

काकांच्या मशिनला शेवटी काय केलं, नवीन एसएसडीवर मिंट, एकच पार्टिशन. जुनी डिस्क डेटासाठी, तीवरचं सगळं आधी बाहेर काढून तिचे चार कप्पे मोडून एकच ext४.

आता फाइल सिस्टम. समथिंग एल्स मध्ये गेलात की ड्रॉपडाउन उघडतो आणि ext४, बीटीआरएफएस, एक्सएफएस, एफएटी अशी रांगच लागते, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही, इथे मी एक स्टार कापलाय. मग माणूस मोबाइलवर शोधतो आणि त्याला वेगाचे तक्ते मिळतात, कोण किती सेकंदात किती फाइली लिहितं. त्या तक्त्यांचा घरच्या पीसीला काडीचा उपयोग नाही. क्रोम उघडायला लागणारा वेळ फाइल सिस्टमवर ठरत नाही हो. मी दोनच प्रश्न विचारतो: ही डिस्क उद्या दुसऱ्या कुठल्या मशिनला लावायची आहे का, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार. या दोन प्रश्नांनी सगळं ठरतं.

दोन्हीचं उत्तर "इथेच राहणार, आणि तूच करणार" असं असेल तर ext४. २००८ च्या शेवटी कर्नलमध्ये पक्कं झालं, इतकं जुनं आहे की त्याच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही आणि मला तेच आवडतं. जर्नल (काय लिहितोय त्याची नोंदवही) आहे, त्यामुळे पावसाळ्यात लाइट गेली तर पुढच्या वेळेला मशिन सुरू होताना ते स्वतःच आपलं आवरून घेतं, बहुतेक वेळा कळत पण नाही. पार्टिशन पुढे मोठं करता येतं, लहान पण करता येतं, फक्त लहान करताना ते माउंट (जोडलेलं, वापरात) नसलं पाहिजे, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू करून त्यातल्या जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्राममधून करायचं. एक कमी आहे ती सांगतो, फाइलच्या आतल्या डेटाचा चेकसम (डेटा बदलला का ते पकडणारा आकडा) ext४ ठेवत नाही, म्हणजे डिस्कने एखादा फोटो गुपचूप खराब केला तर तुम्हाला तो उघडेपर्यंत पत्ता लागत नाही.

ते काम बीटीआरएफएस करतं. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, क्षणात स्नॅपशॉट, कॉम्प्रेशन, सगळं आहे. फेडोरा या लिनक्सने ऑक्टोबर २०२० ला ३३ व्या व्हर्जनपासून डेस्कटॉपसाठी हेच डिफॉल्ट केलं, ओपनसुसेने तर त्याच्याही आधी. उलट रेड हॅट कंपनीने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ व्या व्हर्जनमधून ते काढून टाकलं, म्हणजे मोठ्या लोकांचंच एकमत नाही. मिंटमध्ये हे निवडलं तर इन्स्टॉलर दोन सबव्हॉल्यूम (पार्टिशनच्या आतले कप्पे) बरोबर त्या नावांनी करून देतो जी टाइमशिफ्टला पाहिजे असतात, आणि मग अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट घ्यायला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच वेळ, ext४ वर तोच टाइमशिफ्ट फाइली एकेक कॉपी करत बसतो. इतकं सगळं चांगलं असून मी नातेवाइकांच्या मशिनवर का टाकत नाही? दुसरा प्रश्न. ext४ बिघडलं तर एफएससीके ही दुरुस्तीची कमांड मारायची, ते रोजचं काम आहे. बीटीआरएफएसच्या दुरुस्तीच्या कमांडच्या मॅन्युअलमध्येच ठळक लिहिलंय की जाणकाराने सांगितल्याशिवाय रिपेअर चालवू नका. आणि डिस्क घेऊन जेल रोडच्या दुकानात गेलात आणि काउंटरवर बीटीआरएफएस म्हणालात तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघेल. स्वतःच्या मशिनवर जरूर टाका, मजा येते, फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो.

एक्सएफएस घरी नको. वाईट म्हणून नाही, सिलिकॉन ग्राफिक्सचं, नव्वदच्या दशकातलं, सर्व्हरवर दणकट चालतं, पण त्याचं पार्टिशन एकदा मोठं केलं की परत लहान करायची सोय नाही, आणि घरात लोक दर दिवाळीला मन बदलतात.

आता दोन मशिनच्या मधल्या डिस्क. पेन ड्राइव्ह आणि पोर्टेबल डिस्क जी टीव्हीला पण लावायची, भाच्याच्या विंडोजला पण लावायची, ती एक्सएफएटी करा. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि आजकाल लग्नाचा व्हिडिओ हळदीतच ४ जीबी ओलांडतो. एक्सएफएटी मायक्रोसॉफ्टचं, २००६ चं, २०१९ मध्ये त्यांनी त्याची माहिती खुली केली आणि त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्ये ते सरळ आलं, आता वेगळं काही टाकावं लागत नाही. जर्नल नाही त्यात, म्हणून इजेक्ट न करता उपटायची सवय सोडा.

इथे आता ते सांगतो जे मला कुठल्याच इंग्रजी रिव्ह्यूमध्ये सापडलं नाही, कारण त्या लोकांना ही अडचण येतच नाही. मराठी फाइलनावं.

काकांना गाण्याचं वेड. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली, कीर्तनं, गणेशोत्सवातली भाषणं, असा खजिना आहे त्यांच्याकडे, आणि प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे एक छोटा निबंध. आता एक नाव बघा: "गणेशोत्सव रामबाग दुसरा दिवस सायंकाळची मैफल राग यमन नंतर अभंग आणि भैरवी कॅसेटवरून संपूर्ण ध्वनिमुद्रण". विंडोजमध्ये हे आरामात चालतं कारण एनटीएफएस २५५ अक्षरं मोजतं. ext४ २५५ बाइट मोजतं. आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, चिन्ह म्हणजे काना मात्रा वेलांटी अनुस्वार हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. वरच्या नावात अशी ८६ चिन्हं आहेत, झाले २५८ बाइट, वर १४ स्पेस, वर शेवटचं डॉट एमपी३. गेलं हाताबाहेर. म्हणजे इंग्रजीत ज्याला २५५ अक्षरं मिळतात त्याला मराठीत जेमतेम ८५. कॉपी करताना मिंट सांगतं फाइलचं नाव फार लांब आहे आणि ती फाइल राहते मागे, आणि हजार फाइलींच्या गर्दीत कोणती राहिली ते बघायला कोण बसलंय, सगळे 'स्किप ऑल' दाबतात. बीटीआरएफएस आणि एक्सएफएसला पण हीच २५५ बाइटची मर्यादा, त्यामुळे तिकडे पळून उपयोग नाही.

उपाय सोपा आहे पण आधी करायचा. मर्यादा एका नावाला आहे, पूर्ण पाथला नाही, पाथ ४०९६ बाइटपर्यंत जातो. म्हणून 'गणेशोत्सव रामबाग' हा फोल्डर, त्याच्यात 'दुसरा दिवस', त्याच्यात 'यमन, अभंग, भैरवी'. विंडोज अजून चालू आहे तेव्हाच नावं छोटी करून घ्या, मग कॉपी. आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून बघा, प्रॉपर्टीजमध्ये दिसते.

याच्याच पोटात अजून एक खड्डा. इन्स्टॉलरमध्ये पुढे नाव-पासवर्ड विचारतात तिथे 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा' (पासवर्डने कुलूप लावा) अशी चौकट असते, सेफ वाटतं म्हणून लोक टिक करतात. त्याच्यामागे ईक्रिप्टएफएस नावाचा प्रोग्राम आहे, ते फाइलनावं पण एन्क्रिप्ट करतं आणि त्या नादात मर्यादा २५५ वरून १४३ बाइटवर येते. मराठीत ४७ चिन्हं. काकांच्या संग्रहातलं निम्मं तरी तिथेच अडलं असतं. एन्क्रिप्शन पाहिजेच असेल, लॅपटॉपला तर पाहिजेच, तर ते डिस्कच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' मध्ये एलव्हीएमसोबत (पार्टिशन सांभाळायची एक सोय) जे मिळतं ते घ्या, त्यात लक्स हे लिनक्सचं कुलूप वापरलंय, पूर्ण पार्टिशनच कुलपात जातं आणि नावांच्या लांबीला धक्का लागत नाही. पासवर्ड विसरलात तर मात्र देव पण काही करू शकत नाही, आमच्या आत्यांनी तो पंचांगाच्या मागे लिहून ठेवलाय, असू दे.

उलटा प्रकार पण आहे. मिंटमध्ये तुम्ही फाइलला नाव दिलं 'सभा: जमाखर्च?' आणि ती ext४ वर बसली मजेत, तिला कोलन चालतो, प्रश्नचिन्ह चालतं. तीच एक्सएफएटीच्या पेन ड्राइव्हवर टाकायला गेलात की नाही म्हणते. मंडळाचे हिशोब दोन्हीकडे फिरत असतील तर नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार टाळा.

पहिला पर्याय, विंडोजच्या शेजारी मिंट, हा मी वहिनींच्या लॅपटॉपवर वापरला. त्यांचं बुटीक आहे, हिशोब टॅलीत, टॅली विंडोजवर, त्यामुळे विंडोज काढायचा प्रश्नच नव्हता. ठरलं असं की विंडोज १० फक्त टॅलीसाठी, नेट बंद, आणि बाकी सगळं मिंटवर. इन्स्टॉलर इथे एक पट्टी दाखवतो, मधली रेघ सरकवायची, इकडे विंडोज तिकडे मिंट, दिसायला छान आहे. पण मी ती रेघ वापरत नाही. विंडोजचं पार्टिशन विंडोजलाच लहान करू द्यावं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम', कारण त्याच्या न हलणाऱ्या फाइली कुठे बसल्यात ते त्यालाच ठाऊक. कधीकधी १०० जीबी रिकामे असून तो २० च सोडतो, तेव्हा पेज फाइल (विंडोजची स्वॅप) आणि हायबरनेशन बंद करून बघायचं. मोकळी झालेली जागा तशीच कोरी सोडायची आणि मग मिंट.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, हे डोळे झाकून करा. शटडाउन केलं तरी विंडोज खरं पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि त्याच्या एनटीएफएसला 'मी अजून वापरतोय' असा शिक्का राहतो. मग मिंट ते पार्टिशन नुसतं वाचायला देतं किंवा तेही देत नाही, आणि लोक म्हणतात लिनक्समध्ये एनटीएफएस चालत नाही. चालतं, व्यवस्थित चालतं, त्यासाठीचा एनटीएफएस-३जी ड्रायव्हर कित्येक वर्षं होताच आणि २०२१ मध्ये ५.१५ कर्नलपासून पॅरागॉन कंपनीचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येही आला. म्हणून वहिनींचं सामायिक पार्टिशन, डिझाइनचे फोटो, कस्टमरची मापं, ते एनटीएफएस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे "दोन्हीकडे" होतं. फक्त मिंटचं स्वतःचं होम एनटीएफएसवर टाकायच्या भानगडीत पडू नका, तिकडच्या परवानग्या आणि लिंक वेगळ्या चालतात आणि मग रोज नवीन रडगाणं.

नवीन लॅपटॉप असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते आधी बघा. विंडोज ११ च्या मशिनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा तो न विचारता चालू झालेला असतो. रिकव्हरी की काढून कागदावर लिहा, बिटलॉकर थांबवा, मगच पार्टिशनला हात. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, अकराव्या जनरेशनपासूनच्या कित्येक इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये (मशिनची स्वतःची सेटिंग) व्हीएमडी ही डिस्क हाताळायची इंटेलची सोय चालू असते. पण ती सरळ बंद केली तर विंडोज उठत नाही, त्याची तयारी आधी विंडोजमध्ये करावी लागते, तेवढं वाचून मग करा.

समथिंग एल्स च्या पानाला अडीच स्टार. डबल क्लिक केलं की माउंट पॉइंटचा (पार्टिशन कुठे जोडायचं) डबा रिकामा येतो, तुम्हाला ठाऊक असेल तर भरा नाहीतर बसा. विंडोजचं ईएफआय पार्टिशन असेल, साधारण १०० एमबीचं, त्याला फॉरमॅटची टिक लावायची नाही, तेच दोघं वापरतात. आणि तळाशी एक ड्रॉपडाउन आहे, बूटलोडर (सुरुवातीला सिस्टम उठवणारा प्रोग्राम) कुठे टाकायचा, हा निव्वळ देखावा आहे. यूईएफआय मशिनवर, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी नवी पद्धत असलेल्या मशिनवर, तिथे दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्येच जाऊन बसतो, उबंटूच्या या जुन्या इन्स्टॉलरचा फार जुना बग आहे आणि मिंटने इन्स्टॉलरसोबत तो पण घेतलाय. वर मी साटा केबल काढा म्हटलं त्याचं अर्धं कारण हे.

आणि जुन्या मशिनवर डिस्क एमबीआर आहे की जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवायची जुनी आणि नवी पद्धत) ते बघून घ्या. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशन होतात आणि २ टीबीच्या वरची जागा दिसत नाही, जीपीटीमध्ये ही दोन्ही झंझट नाहीत. डिस्क पुसतच असाल तर जीपीटी, बायोस यूईएफआय मोडमध्ये ठेवून.

डेटाची दुसरी डिस्क ext४ केली की दोन कामं बाकी राहतात, इन्स्टॉलरचा याच्याशी संबंध नाही पण नंतर फोन यावरूनच येतात. नवीन पार्टिशन रूटच्या (इथे रूट म्हणजे सिस्टमचा अॅडमिन) मालकीचं असतं, त्यामुळे काका त्यात फोल्डर करायला गेले की मिंट म्हणतं परवानगी नाही. एकदा मालक बदलून द्यायचा आणि डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमधून बूटला आपोआप माउंट होईल असं करायचं. आणि ext४ स्वतःसाठी ५ टक्के जागा राखून ठेवतं, सिस्टमच्या पार्टिशनला ते चांगलंच आहे, गच्च भरलं तरी मशिन उठतं, पण १ टीबीच्या नुसत्या गाण्यांच्या डिस्कवर ५० जीबी का अडकवायचे. ट्यून२एफएस या कमांडला एम च्या पुढे शून्य देऊन ती जागा मोकळी होते, डेटाला काही होत नाही.

एकूण मिंटच्या या पानाला साडेतीन. एसएसडी दुकानात बसवून घेणार असाल, सिल्व्हर मॉलला म्हणा की जेल रोडला, तर आत जाताच सांगून टाका, "भिया, विंडोज मत डालना, ड्राइव्ह मत बनाना, कोरी दे दो". दोनदा सांगा, नाहीतर सवयीने चार करूनच देतात.